आठ नंबरची चावी

मार्च संपत आला होता आणि मी घरापुढच्या खळ्यात गाद्या उन्हाला टाकत होते, तेव्हा ती मुलगी आली. संस्कृती तिचं नाव, देवरूखला कॉलेजात शिकते. गळ्यात ओळखपत्र, हातात वही, चपलांना ओली वाळू. म्हणाली, "काकी, आमचा प्रकल्प आहे. मासेमारीचं गाव पर्यटनाचं गाव कसं झालं, त्याचा इतिहास लिहायचाय. सरपंच म्हणाले, सगळ्यात जुनी घरगुती राहण्याची सोय तुमचीच."

सरपंचांना सांगायला काय जातंय! मी म्हटलं, "बस बाई. पण माझे हात चालू राहतील. चोवीस गाद्या आहेत आणि सीझन तोंडावर आलाय."

इतिहास म्हटलं की लोकांना सनावळ्या लागतात. आमच्या भाटगण्याच्या सनावळ्या मला येत नाहीत. मला खोल्या येतात. या घराची एकेक खोली आमच्या हातून कशी गेली ते मी सांगते, गाव कसं वाढलं ते त्यातून तुझं तू समजून घे, असं मी तिला सांगितलं. तिनं ते वहीत लिहूनही घेतलं.

मी दमयंती मयेकर. दाभोळहून लग्न होऊन इथे आले तेव्हा एसटी खाडीच्या पलीकडे थांबायची आणि माझी ट्रंक होडीतून आली होती. आता पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, जिथे गाड्या लागतात तिथे बायका मासळी वाळत घालायच्या. समुद्रात गंमत म्हणून कुणी उतरत नसे. ज्याचं पोट समुद्रावर तो समुद्रात जाई, बाकीचे त्याच्याकडे पाठ करून कामं करत. परका माणूस गावात दिसला तर तो एक तर खानेसुमारीवाला, नाही तर वाट चुकलेला.

पहिली पार्टी वाट चुकलेलीच होती. पुण्याची दोन जोडपी डोंगरमाथ्याच्या सड्यावरून मातीच्या रस्त्यानं जीप घेऊन उतरली आणि जीप रुतली पुळणीत. माझ्या सासूबाई, आनंदीबाई, त्यांना घरी घेऊन आल्या. ओटीला लागून खोली होती, तिथे त्यांना झोपवलं. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. सकाळी त्यांनी पैसे पुढे केले तर सासूबाईंना राग आला. "दारात आलेल्या माणसाकडनं जेवणाचे पैसे घेऊ? आमी काय हाटेल घातलंय?" पुढच्या मे महिन्यात तीच माणसं आणखी तीन जोडपी घेऊन आली. तेव्हा घेतले. गावाची प्रगती झाली असेल तर ती त्या एका वर्षात झाली, बाकी सगळा विस्तार.

ती ओटीची खोली म्हणजे एक नंबर. खाडीवर पूल झाला तेव्हा देवघराशेजारची गेली, ती दोन. कुठल्या तरी रविवारच्या पुरवणीत माझ्या उकडीच्या मोदकांचा फोटो आला आणि पुढच्या सुट्टीत लोक कात्रण हातात घेऊन दार वाजवायला लागले. मग कणग्या माळ्यावर चढल्या आणि धान्याची खोली तीन नंबर झाली. म्हशी विकल्या, गोठ्याच्या दोन खोल्या काढल्या आणि त्यात गावातला पहिला कमोड बसवला. वाडीतली माणसं तो बघायला आली होती, नव्या नवरीला बघायला यावं तशी. माझे यजमान महिपत बोटीवर खलाशी होते. त्यांनी जगभरचे कमोड पाहिलेले. तेच पुढे होऊन सगळ्यांना तो कसा चालवायचा ते समजावत होते.

गणपतीपुळ्याला जागा मिळाली नाही की लोक आमच्याकडे सरकायचे. मग आमच्याकडेच यायला लागले. माडांना दिव्यांच्या माळा आल्या, घोडागाडी आली, पाण्यावरच्या स्कूटर आल्या, किनाऱ्यावर गावाचं नाव माणसाएवढ्या अक्षरांत उभं राहिलं. पोरं त्या अक्षरांवर चढून फोटो काढतात. आमच्या एका पाटीच्या जागी आता गावात नव्वद पाट्या आहेत. मासळी वाळवायला जागा नाही म्हणून आमच्याच गावातल्या बायका हल्ली सुकट रत्नागिरीहून विकत आणतात.

"मग या सगळ्या वाढीत तुमच्यासाठी काय वाढलं, काकी?" संस्कृतीनं विचारलं. शिकवून पाठवलेला प्रश्न होता, पण पोरगी मनापासून विचारत होती.

"गाद्या," मी म्हटलं.

ती हसली. मग तिनं विचारलं, "इतकी वर्षं लोक तुमच्याकडेच का येतात? तुमचं वैशिष्ट्य काय?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. पाहुण्यांना मी ते शंभर वेळा ऐकवलंय आणि ऐकवताना मान ताठ होते. एका मे महिन्यात एकाच खोलीला दोन पार्ट्या आल्या. घोळ आमचाच होता. सासूबाईंनी स्वतःची खाट सोडली, हे खळ्यात झोपले, मी चुलीपाशी पाठ टेकली, पण दोन्ही पार्ट्या छपराखाली झोपल्या. तेव्हापासून घराचा तो नियम झाला. "पैसे भरलेल्या पार्टीला या घरात कधी कुणी उठवलेलं नाही," मी सांगितलं. "उठायचं ते घरच्या माणसांनी."

घरच्या माणसांत पोरंही आलीच. माझी सानिका थोरली, अजिंक्य धाकटा. अजिंक्य कुठेही पडला की झोपायचा, दगडावरसुद्धा. सानिकाचं तसं नव्हतं. मे महिन्यात रोज तिन्हीसांजेला ती उशी काखेत मारून स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि विचारायची, "आये, आज मी कुठं झोपायचं?" मी हातातलं काम न सोडता सांगायचे. आज पडवीत. आज दोन नंबर रिकामी आहे, पण पार्टी आली तर ऊठ. आज स्टोअरमध्ये, गाद्यांवर. स्टोअर म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक बोळकांडी, तिथे जादा गाद्या आणि गॅसचे सिलिंडर असतात. दहावीचा अभ्यास तिनं तिथेच केला. सात वर्षांची असताना भर मे महिन्यात तिला गोवर आला, तेव्हा एका दिवसात मी तिला तीनदा हलवलं. तिसऱ्या वेळी ती अंगात ताप असताना आपली आपण उठली आणि उशी घेऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं होतं, शहाणी गो माझी बाय ती.

हे मी संस्कृतीला सांगितलं नाही. सगळंच कशाला प्रकल्पात घालायचं!

"आणि आठ नंबर?" तिनं विचारलं. सहा-सात सांगून झाल्या होत्या, त्या माडांच्या बाजूला नव्या बांधलेल्या. नऊ ते बारा वरच्या मजल्यावर, अजिंक्यनं स्लॅब टाकून काढलेल्या.

आठ नंबर म्हणजे माजघराच्या मागची खोली. आमच्या घरची बाळंतिणीची खोली. वारा लागू नये म्हणून तिला एकच खिडकी, तीही उंच. माझी नणंद तीन बाळंतपणांना त्याच खोलीत आली. अजिंक्यच्या वेळी मीही तिथेच चाळीस दिवस पडून होते. सानिका मात्र माझ्या माहेरी झाली, दाभोळला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. माझ्या आईच्या घरात जेमतेम तीन खोल्या आणि अकरा माणसं. पण एक खोली माझी होती. चाळीस दिवस मला कुणी तिथून हलवलं नाही. बाप दाराबाहेर उभा राहून खोकायचा आणि मग विचारायचा, पोर कशी आहे.

सासूबाई गेल्यावर तीही खोली गेली. आत फरशी घातली, संडास-बाथरूम काढलं, वारा येत नाही म्हणून एसी बसवला.

"पण या सीझनला आठ नंबर बंद आहे," मी संस्कृतीला म्हटलं आणि कमरेला खोचलेली चावी काढून दाखवली. चावीला एक हिरवी बांगडी बांधलेली होती. फेब्रुवारीत सानिकाची ओटी भरली, देवरूखला, तिच्या सासरी. सातवा लागला होता. हिरव्या चुड्यातली एक बांगडी तिच्या हातात चढेना, हात सुजले होते. ती मी घेऊन आले आणि येताच चावीला बांधली. ओटीच्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन विचारलंच होतं, "आये, माझी खोली हाय ना गो? बाळंतपण मे महिन्यात हाय म्हणून विचारते."

"म्हणजे काय! चावी काढून कमरेला लावते आजच."

आमच्या घरात खोली रोखायची रीत तीच आहे. स्वयंपाकघरात भिंतीला बारा खिळे आहेत, खिळ्यांवर बारा चाव्या. जी चावी खिळ्यावर नाही ती खोली द्यायची नाही. सासूबाईंपासूनचा रिवाज. लिहायचं नाही, सांगायचं नाही, खिळा रिकामा दिसला की सगळ्यांना कळतं.

तेवढ्यात अजिंक्य आतून आला. हातात फोन. एरवी त्याच्या तोंडावर सीझनची कावकाव असते, आज खुशीत होता.

"आये, आठ नंबरचे पडदे धुवून टाक हां. जाड असतील ते लाव. पंधरा एप्रिलपासनं पार्टी येतेय. छप्पन्न दिवस! दहा जूनपर्यंत! सगळे आगाऊ भरून मोकळे झाले. अशी पार्टी नशिबानं मिळते."

मी गादी हातातून खाली टाकली. "आठ नंबर सानूची हाय. चावी माझ्या कमरेला हाय ती तुला दिसत नाय?"

त्यानं चावीकडे पाहिलं, मग फोनकडे. "हां गो... खिळा रिकामा होता, मी बघितलेला. मला वाटलं तू चावी काढल्येस म्हणजे झालं." मग त्याचं तोंड पडलं. "पण ॲपवर बंद करायची राहिली. जानेवारीतच बाराच्या बारा टाकलेल्या. आठवडे झाले हे बुकिंग होऊन, मी आज यादी काढताना नीट पाहिलं. रितेश म्हणून कोणतरी हाय."

चूक अशी की शेंबडं पोरही करणार नाही. मला वाटलं चावी काढली म्हणजे झालं. त्याला वाटलं आईनं चावी काढली म्हणजे झालं. यांनी रिकामा खिळा पाहिला आणि त्यांनाही वाटलं झालं. घरातल्या तिघांना खोली रोखलेली माहीत होती. जे विकतं त्या फोनला कुणी सांगितलंच नाही.

"रद्द करू?" अजिंक्यनं विचारलं. तो वाईट नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण लोक पोरांवर ढकलून मोकळे होतात. त्यानं विचारलं. "तू म्हणत असशील तर आत्ता करतो. सीझनच्या तोंडावर रद्द केलं की आपलं नाव यादीत खाली जातं, पण करतो."

मला तेव्हा काय झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. राग आला नव्हता. लालूच म्हणावी तर तीही नव्हती. समोर चोवीस गाद्या पडल्या होत्या, त्यातल्या नऊ उलटायच्या होत्या, उशांचे अभ्रे भिजत होते आणि मी थकले होते. तीस वर्षांचा थकवा एका जागी आला की माणूस विचार करत नाही, सवयीनं बोलतो.

"राहू दे," मी म्हटलं. "पैसे भरलेल्या पार्टीला उठवायचं नाय. सानूचं बघू काहीतरी."

संस्कृतीनं तेही लिहून घेतलं. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, काकी, तुमच्याकडनं शिकण्यासारखं खूप आहे.

त्या पार्टीनं बुकिंगखाली लिहिलेलं अजिंक्यनं मला वाचून दाखवलं. खोली तळमजल्यावरचीच हवी, जिना नको. सकाळी भरपूर गरम पाणी. जेवण पथ्याचं, कमी तिखट. खिडकीला जाड पडदा. शांतता असावी. मी म्हटलं, कुणाचं तरी आजारी म्हातारं आणून टाकतायत समुद्राच्या हवेला, आणि त्याची पथ्यं मी सांभाळायची. माझ्या लेकीची पथ्यं कोण सांभाळणार? दोन दिवस मी त्या रितेशला मनात शिव्या घातल्या. पडदे मात्र धुतले. शिव्या वेगळ्या, काम वेगळं.

यांनी कुरकुर केली नाही. बोटीवरची सवय, तिथे तक्रार करून समुद्र थांबत नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "बाळाला म्हणावं, थोडा थांब. पावसात ये. पावसात बाराच्या बारा खोल्या तुझ्या."

एरवी मी हसले असते. ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

सानिकाला फोन करायला मी तीन दिवस लावले. तिचा नवरा विनीत पाटबंधारे खात्यात आहे, दोघं देवरूखलाच राहतात. नाव रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंकडे घातलेलं होतं, कारण बाळंतपण आमच्याकडे व्हायचं ठरलेलं. भाटगण्याहून रत्नागिरी पाऊण तासावर.

"सानू, खोलीचं जरा झालंय गो..." मी सुरुवात केली.

"असू दे, आये."

"असू दे कसं? मी स्टोअर रिकामं करते. सिलिंडर बाहेर काढते, चुना मारते. खिडकी हाय त्याला. पंखा लावू."

सानिकानं विचारलं, "गाद्यांचा वास येतो काय गो अजून तिथे?"

"सगळ्यांना ऊन दाखवलंय मी."

"बरं. तू धावपळ करू नको. माझी सोय होईल."

एवढंच बोलली. ना रडली, ना रुसली. मला वाटलं, सासरीच राहायचं ठरवते बहुतेक. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. चला, एक काम कमी झालं असं वाटलं. फोन ठेवल्यावर त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. आमच्या वाडीत कुणाच्या लेकीचं पहिलं बाळंतपण सासरी झालं तर बायका विचारतात, माहेरी कुणी नाय काय तिला? माझ्या लेकीला माहेर होतं, बारा खोल्यांचं.

मी हट्टानं स्टोअर रिकामं केलं. सिलिंडर पडवीत गेले. चुना यांनी मारला. भिंतीवर खाली पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं, सानिकाच्या अक्षरातलं, नववी-दहावीतलं काहीतरी, कसलं तरी सूत्र. यांनी तेवढा तुकडा सोडून बाकी चुना मारला. मी म्हटलं, हे काय ठिगळासारखं दिसतंय. तर म्हणाले, दिसू दे.

पंधरा एप्रिल उजाडला. वरच्या मजल्यावर ठाण्याचे लोक होते, त्यांना घावणे हवे होते. खाली दोन नंबरला सकाळी पाणी गेलं. अकराच्या सुमाराला मी कोकम सरबताचे ग्लास ट्रेमध्ये भरून ठेवले. नवीन पार्टी आली की आधी सरबत, मग रजिस्टर, मग चावी. चावी द्यायची बारा वाजता. त्याआधी कुणाला खोली देत नाही, हाही नियमच.

गाडी खळ्यात येऊन थांबली. मी ट्रे घेऊन पुढे झाले. तोंडावर हसू आणलं, तेही आता आपोआप येतं. गाडीचं मागचं दार उघडलं आणि आधी एक पाय बाहेर आला. सुजलेला, चपलेचा पट्टा सोडलेला. मग दाराला धरून, दम घेत, सानिका बाहेर आली.

विनीत पुढून उतरला आणि डिकीतून बॅगा काढायला लागला. माझ्याकडे बघत नव्हता.

"सानू!" मी म्हटलं. "अगो, कळवायचंस तरी! मी स्टोअर तयार ठेवलंय, पण आत्ता नवी पार्टी येणार आठ नंबरची, तिची..."

"मीच ती," सानिका म्हणाली. "आठ नंबर. विनीतच्या ऑफिसातल्या रितेशच्या नावानं केलंय बुकिंग. आमचं नाव बघून या अजूनं पैसे घेतले नसते."

माझ्या हातातला ट्रे यांनी घेतला. ते कधी मागे येऊन उभे राहिले मला कळलं नव्हतं.

अजिंक्य ऑफिसातून धावत बाहेर आला. ऑफिस म्हणजे ओटीवरचं टेबल. "ताई, हे काय गो? सांगायचंस तरी! मी आत्ताच्या आत्ता पैसे परत पाठवतो. दाजी, काय हे? आपल्याच घरात..."

"नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. लहानपणीही चढवत नसे. "परत करू नको, अजू. ओटी भरली ना, त्या रात्रीपासनं मी रोज फोनवर बघायचे. आठ नंबर उघडी दिसायची. म्हटलं, आये विसरली असेल, उद्या बंद होईल. तीन आठवडे रोज बघत होते. मग एका दिवशी चार दिवसांसाठी कोणीतरी घेतली, मेमधली. नंतर सोडली त्यांनी. तेव्हा मी भरून टाकले."

"पण मग मला विचारायचंस गो," मी म्हटलं. "मी रद्द केलं असतं, कुणाचंही असतं तरी..."

आणि मी तिथेच थांबले. कारण रद्द करू का असं मला विचारलेलं होतं. आणि मी उत्तर दिलेलं होतं. अजिंक्य खाली बघत होता. त्यानं ते ताईला सांगितलं नाही आणि आजपर्यंत सांगितलेलं नाही.

सानिका माझ्याकडे बघून हसली. टोमणा असता तर मला सोसला असता. ती खरोखरच मला समजावत होती, दमलेल्या माणसाला समजावतात तसं.

"तुझा दोष नाय, आये. तुझ्या मागे किती असतं ते मला ठाऊक हाय. पण मे महिन्यात कोण ना कोण दारात उभं राहणार, आणि तू मला म्हणणार, सानू, आजच्या दिवस जरा सरक. मी सरकेन पण. पोर लहान असेल ना गो. त्याला घेऊन कुठं सरकू?" मग म्हणाली, "पैसे भरलेल्या पार्टीला तू कधी उठवत नाहीस."

मी आत गेले. मला वाटलं मी रडायला आत जातेय, पण पाय स्वयंपाकघरात गेले. बाळंतपणाला लेक दारात आली की भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा असतो, पायांवर पाणी घालायचं असतं. मी सरबत घेऊन उभी राहिले होते. टोपलीत ठाण्यावाल्यांसाठी भाजलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. त्यातली एक मोडली, तांब्या भरला आणि बाहेर आले. ती तोवर पायरीवर बसली होती.

"ऊठ," मी म्हटलं.

ती लगेच उठली. इतक्या लगेच, की मला ते बघवलं नाही. हात टेकून, पोट सावरून, एका शब्दावर. गोवरात उठली होती तशीच.

मी तिच्यावरून तुकडा ओवाळला आणि माडाकडे टाकला. पायांवर पाणी घातलं. सुजलेल्या पायांवर माझ्या हातांनी ते पसरलं, बोटांमधली वाळू काढली. वर बघायची माझी छाती झाली नाही. तिचा हात मात्र माझ्या डोक्यावर आला आणि थोडा वेळ तिथे राहिला.

"चल आत," मी म्हटलं.

"बारा वाजायचेत ना?"

"गप ग."

आम्ही ओटीवर आलो. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. पार्टीचं नाव, कुठून आले, माणसं किती, आल्याची तारीख, जाण्याची तारीख, सही. मी ते मिटायला हात घातला. सानिकानं तो बाजूला केला आणि पेन उचललं. शाळेत असताना सुट्टीत हेच रजिस्टर ती भरायची, तिचं अक्षर चांगलं म्हणून. नाव लिहिलं. देवरूख लिहिलं. माणसं किती, यात पोटाकडे बघून दोन लिहिलं, मग विचार करून खोडून एक केलं.

माहेरी आलेल्या लेकीला, तू कधी जाणार, असं कुणी विचारत नाही. माझ्या आईनं मला विचारलं नव्हतं. रजिस्टर सगळ्यांना विचारतं. तिनं जाण्याच्या तारखेत दहा जून लिहिलं, सही केली आणि माझ्यापुढे हात केला.

मी कमरेची चावी सोडवली. बांगडीची गाठ पक्की बसली होती, ती काही सुटली नाही, तशीच बांगडीसकट चावी मी तिच्या हातावर ठेवली.